एक, शून्य आणि नाणेघाटाची वाट

कल्याण बंदरातून देशावर चढणाऱ्या ज्या दोन पुरातन वाटा आजच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण मुलुखातून जातात, त्यांपैकी उत्तरेकडची शहापूरवरून निघून, जेथे १६३६ साली निजामशाहीचा अखेरचा अंमल संपुष्टात आला त्या माहुलीच्या डोंगराला डावीकडे ठेवीत, खर्डी-कसाऱ्यावरून थळ घाटाने नाशिकास पोहोचते; आणि दक्षिणेकडची मुरबाड, टोकावडे, वैशाखरे अशी गावे घेत, सह्याद्रीच्या उभ्या कड्याशी येऊन, नानाच्या अंगठ्याच्या कुशीतून नाणेघाट चढून जुन्नरास व तेथून पुढे नेवासे-पैठणकडे जाते. या वाटांनी मीठ, कापड, घोडे, मद्याचे कुंभ आणि सोन्यारुप्याची नाणी यांची ने-आण शतकानुशतके झाली, हे शाळेच्या पुस्तकातही आढळते. परंतु त्यांच्याच आश्रयाने एक निराळा व्यवहारही चालत आला आहे, आणि तो विचारांचा आहे. या सृष्टीच्या मुळाशी अखेर एकच एक काही आहे काय, त्या एकाच्याही पूर्वी निखळ शून्य होते काय, आणि या दोन्ही गोष्टींचा उलगडा गणिताला किंवा पदार्थविज्ञानाला कधी करता येईल काय, हे प्रश्न आपण सामान्यतः उपनिषदांच्या पानांत किंवा युरोपातील प्रयोगशाळांत शोधतो. त्यांच्या इतिहासाचा फार मोठा आणि फार मोलाचा अंश मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतून वर चढणाऱ्या वाटांच्या काठी पडलेला आहे, असे माझे मत आहे, आणि तो इतिहास क्रमाने सांगावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ नाणेघाटापासून करणे प्राप्त आहे. वैशाखऱ्याहून पायवाटेने अरण्य ओलांडून, दगडी पायऱ्यांची शेवटची नाळ चढून माणूस वर आला, की घाटाच्या तोंडाशी कोरलेले एक प्रशस्त लेणे लागते. पलीकडच्या अंगास तो भव्य दगडी रांजण आहे, ज्यात वाटसरूंकडून घेतलेली जकात टाकीत असत अशी परंपरा आहे. लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या आता नष्ट झाल्या असून त्यांच्या पायांचे अवशेष आणि वरची नावे एवढेच उरले आहे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, महारठी त्रनकयिर, आणि कुमारांची नावे. डाव्या-उजव्या भिंतींवर जो दीर्घ प्राकृत लेख आहे, तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा, याच नायनिका ऊर्फ नागनिका राणीशी निगडित आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून तो लेख राजाने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी देतो. दक्षिणा शब्दांत सांगून तो थांबत नाही. दरबारी कारकुनाच्या काटेकोरपणाने आकडेही लिहितो: गाई १,७००, हत्ती १०, रुप्याचे कुंभ १७, कार्षापण २४,४००. भारतवर्षात अंकचिन्हांचा इतका विपुल आणि इतका जुना संग्रह एका ठिकाणी क्वचितच सापडतो.

हे आकडे आकडे आहेत, एवढे कळण्यासही मात्र एकोणिसाव्या शतकाची सात-आठ दशके खर्ची पडली. १८२८ साली मुंबई सरकारचा अधिकारी विल्यम साइक्स याने या लेखाची प्रथम नोंद केली. पुढे प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उकलली आणि अक्षरे बोलू लागली. तरी ओळींच्या अधूनमधून येणारी काही विचित्र चिन्हे गप्पच राहिली. त्यांना वाचा फोडली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. जुनागढात १८३९ साली जन्मलेल्या या मनुष्याने इंग्रजी विद्यालयाची वाट न धरता, गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलेवर प्रिन्सेपची अक्षरमाला ताडून पाहत स्वतःच्या बळावर लिपिविद्या संपादन केली, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आश्रय दिला आणि लेणी, स्तूप, शिलालेख यांच्या शोधार्थ देशभर धाडले. अशा काही चिन्हांच्या शेजारी शब्दांतही संख्या लिहिलेल्या आहेत, हे ओळखून त्यांनी शब्द आणि चिन्ह यांची जोडी जुळवली व १८७०-८० या दशकात प्राचीन नागरी अंकांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ब्यूलरसारख्या युरोपीय पंडिताने तो शोध मान्य करून पुढे नेला, आणि १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात भगवानलालांच्या विद्वत्तेचा हात जागोजागी दिसतो. त्याच वर्षी त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खोदून बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे बाहेर काढले. आपल्या विद्यापीठांतून या माणसाचे नाव जितक्या आदराने घेतले जावे तितके घेतले जात नाही, याची मला खंत वाटते.

आता त्या २४,४०० या संख्येकडे बारकाईने पाहू. आपण ती पाच स्थानांत लिहितो आणि त्यांतली शेवटची दोन शून्याने भरतो. नाणेघाटाच्या लेखकाला शून्य लागलेच नाही. त्याच्याजवळ हजाराचे एक चिन्ह होते, त्याला विसाचे चिन्ह जोडले की वीस हजार. त्याच हजाराला चाराचे जोडले की चार हजार. शंभराच्या चिन्हास चार जोडले की चारशे. असे तीन संयुक्त अंक शेजारी मांडले की काम झाले. या पद्धतीत प्रत्येक चिन्ह आपली किंमत आपल्यापाशीच बाळगते. ते कोणत्या जागी उभे आहे, त्याला महत्त्व नाही. जेथे जागेला महत्त्व नाही तेथे रिकाम्या जागेलाही अर्थ नाही, आणि जेथे रिकाम्या जागेला अर्थ नाही तेथे शून्य जन्मासच येत नाही. यज्ञात हजारो गाई वाटणाऱ्या त्या वैभवशाली राजकुलाच्या हिशेबात ‘काही नाही’ ही गोष्ट लिहिण्याची सोयच नव्हती, हे या लेखाचे सर्वांत विचारप्रवर्तक अंग आहे.

शहापूरच्या वाटेने वर गेले तरी याच स्थितीचे प्रत्यंतर येते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने कोरून ठेवले आहे, की त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० ला दरमहा शेकडा एक या दराने व्याज यावे आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना बारा-बारा दिले तरी २४० च होतात. हिशेब तंतोतंत जुळतो, आणि तोही शून्यावाचून. ज्या भिक्षूंच्या चिवरांची ही तजवीज होती, त्यांच्याच परंपरेत पुढे नागार्जुन झाला. त्याने एका सातवाहन राजास उपदेशपर पत्र लिहिले असे परंपरा मानते. नागार्जुनाची शून्यता सर्वनाश नव्हे. कोणत्याही वस्तूला स्वतःच्या बळावर असलेला स्वभाव नाही, प्रत्येक वस्तू इतर वस्तूंच्या अपेक्षेनेच ती ती वस्तू ठरते, म्हणून ती स्वभावतः शून्य आहे, एवढाच त्याचा सिद्धान्त. या सिद्धान्ताचे स्मरण वाचकाने मनाच्या एका कोपऱ्यात जपून ठेवावे. विसाव्या शतकात त्याची गरज लागणार आहे.

अंकांतले शून्य यानंतर काही शतकांनी आले. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. कंबोडियातील शके ६०५ च्या एका लेखात ते ठिपक्याच्या रूपाने दिसते. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या लेखात २७० ही संख्या आजच्यासारखी लिहिलेली आहे. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले असता शून्यच येते असे म्हटले. ते आज कोणी मानीत नाही, पण भागाकाराचा प्रश्न त्याने विचारला हेच थोर आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या कथेचा नायक भास्कराचार्य. ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचणाऱ्या या गणितज्ञाने शून्याने भागिलेल्या राशीस ‘खहर’ हे नाव दिले आणि तिच्यात कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही काढले तरी तिच्यात विकार होत नाही असे सांगून, सृष्टीच्या आणि प्रलयाच्या काळी असंख्य भूतगण ज्यातून निघतात व ज्यात लय पावतात तरी जो अविकारी राहतो, त्या अच्युताची उपमा तिला दिली. शून्य आणि अनंत, गणित आणि ब्रह्मविद्या, यांची गाठ एका श्लोकात बांधली गेली. भाऊ दाजींनी १८६५ साली प्रकाशात आणलेल्या चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखावरून असे कळते, की भास्कराचार्याचा नातू चांगदेव, यादव सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ सोइदेवाने त्यास देणगी दिली. शून्याच्या गणितासाठी यादवांच्या राज्यात पाठशाळा होती आणि तिला सनद होती!

चांगदेव हे नाव पुढे दुसऱ्याच एका पुरुषामुळे मराठी मनात घर करून राहिले. त्या योगी चांगदेवाने ज्ञानेश्वरांस कोरे पत्र पाठविले आणि त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. कोऱ्या कागदाला तत्त्वज्ञानाने दिलेले ते उत्तर अद्वैताचे आहे: पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही तिन्ही एकच. परंतु शून्याच्या प्रश्नाला ज्ञानेश्वरांनी बगल न देता खरा हात घातला तो अमृतानुभवात. शेवटी सर्व शून्यच आहे असे म्हणणाऱ्याला ते विचारतात, की दिवा मालवणारा दिव्याबरोबरच मालवला गेला, तर दिवा नाही हे कोणास कळले? सर्व मावळल्याची साक्ष देणारा कोणी शिल्लक असेल तर सर्व मावळले नाही. आणि कोणीच शिल्लक नसेल तर ‘काहीच नाही’ हे विधान करायला कोणी उरत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस, विशीत असलेल्या एका तरुणाने मराठीत केलेला हा युक्तिवाद मला आजही अभेद्य वाटतो. त्याचे लेखन, परंपरेप्रमाणे, नेवासे येथे, याच पुरातन मार्गाच्या पुढच्या टप्प्यावर झाले. आणि ज्याच्या मुखातून त्यांनी वेद वदविले असे मानतात त्या रेड्याची समाधी मुरबाडहून माळशेजमार्गे नगरला जाणाऱ्या सडकेवर, ओतूरच्या पुढे, आळे येथे भाविक दाखवतात.

येथून सातशे वर्षे ओलांडून थेट केंब्रिजला जावे लागते. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले, बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या विष्णु वासुदेव नारळीकर यांचे चिरंजीव जयंत हे फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले, आणि जून १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा आपला नवा सिद्धान्त मांडला. त्याचे बीज एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाच्या एका विचारात होते. वस्तूला आपली अवस्था बदलण्याविषयी जी अनिच्छा असते, जिला आपण जडत्व म्हणतो आणि वस्तुमानाने मोजतो, ती वस्तूची खाजगी मिळकत आहे असे न्यूटन धरून चालला. माख म्हणाला, की तसे नाही. दूरदूरच्या सर्व ताऱ्यांच्या अस्तित्वामुळे ती वस्तूला प्राप्त होते. आइन्स्टाइनला या विचाराचे मोठे आकर्षण होते, त्याला ‘माखचे तत्त्व’ हे नाव त्यानेच दिले, तथापि त्याच्या समीकरणांत ते पूर्णपणे उतरले नाही. पूर्णपणे रिक्त विश्वात सोडलेल्या एकट्या कणालाही त्या समीकरणांप्रमाणे जडत्व असतेच. हॉइल-नारळीकर सिद्धान्तात प्रत्येक कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांनी त्याला दिलेल्या अंशांची बेरीज असते. कण असंख्य असले म्हणजे आइन्स्टाइनची समीकरणे परत मिळतात. परंतु इतर सारे काढून घेतले आणि एकच कण उरला, तर त्याचे वस्तुमान शून्य होते.

हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचले आहे. एकटा उरला की एक हा शून्य होतो! नागार्जुनाने वस्तूला स्वभाव नाही असे म्हटले, ते येथे समीकरणाच्या रूपाने, पडताळ्याच्या अधीन होऊन, एका मराठी माणसाच्या लेखणीतून उतरलेले दिसते. याचा अर्थ नागार्जुनास हे गणित अवगत होते असा कोणी घेऊ नये. प्राचीनांच्या नावे आधुनिक शोध चढविण्याच्या प्रवृत्तीवर स्वतः नारळीकरांनी आयुष्यभर कोरडे ओढले आणि ते योग्यच केले. दार्शनिकाने अनुभवाच्या आणि तर्काच्या वाटेने जे मांडले, त्याच्या दिशेने विज्ञानही आपल्या स्वतंत्र वाटेने काही पावले जाऊ शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. एकत्व ही कल्पना विज्ञानाच्या कक्षेबाहेरची नाही. ‘सर्वांमुळे प्रत्येक’ या रूपात तिची परीक्षा घेता येते. आणि परीक्षा झालीही. त्याच रॉयल सोसायटीच्या सभेत स्टीफन हॉकिंग नावाचा एक तरुण विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला आणि विस्तारणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत होईल असा आक्षेप त्याने घेतला. पुढे त्याने तो शास्त्रीय निबंधात सिद्धही केला. एकाचे वस्तुमान काढावयास जावे आणि हाती खहर यावा, अशी ही स्थिती होती. त्यावर वाद-प्रतिवाद झाले, सिद्धान्ताची रूपे बदलली. मात्र वैज्ञानिकांच्या बहुमताने तो स्वीकारला नाही. मूलकणांना वस्तुमान लाभते ते हिग्ज क्षेत्रामुळे, असे आज मानतात. त्या कणाचा शोध जुलै २०१२ मध्ये जाहीर झाला, आणि त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. तरी दूरच्या आकाशगंगा आणि इथल्या लंबकाचे आंदोलन यांचा सांधा का जुळतो, हा माखचा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही.

नारळीकरांच्या आयुष्याचा दुसरा मोठा वाद शून्याविषयी होता. महास्फोटाच्या सिद्धान्ताप्रमाणे विश्वातील सर्व द्रव्य एका क्षणी प्रकट झाले; त्या क्षणापूर्वी काय होते, हा प्रश्न विचारण्यास त्या सिद्धान्तात जागा नाही. नारळीकरांना हे मानवले नाही. ज्या ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण सर्वत्र सांभाळतो, तोच नेमक्या आरंभीच्या क्षणी बाजूस ठेवावयाचा, याला ते विज्ञानाची माघार समजत. स्थिरस्थिती विश्वात द्रव्य थोडेथोडे सतत निर्माण होत राहते असे हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ सालीच म्हटले होते. त्यावर ‘मग तुमचे द्रव्य तरी शून्यातून येते की नाही’ असा टोमणा मारला जाई. हॉइल आणि नारळीकर यांनी निर्मितिक्षेत्राची कल्पना गणिताने मांडून त्याचे उत्तर दिले. वहीत जमेच्या बाजूस जितके द्रव्य पडावे, तितकीच ऋण ऊर्जा त्या क्षेत्राच्या नावे पडते. ताळेबंद जुळतो आणि शून्यातून काही उपजले असे म्हणण्याचा प्रसंग येत नाही. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण आढळले, महास्फोटाची ती ऊब आहे असे बहुतेकांनी मानले, आणि स्थिरस्थितीचा पक्ष मागे पडला. नारळीकर १९७२ साली भारतात परत आले, टाटा संस्थेत काम केले, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलभौतिकी केंद्राचे संस्थापक-संचालक झाले, आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारलेला अर्धस्थिर विश्वाचा सिद्धान्त घेऊन पुन्हा उभे राहिले. तोही बहुमताने नाकारला. या विषयात निरीक्षणांचा कौल महास्फोटाच्या बाजूने आहे हे मला मान्य आहे. परंतु शून्यातून विश्व आले एवढे म्हणून गप्प न बसता, ते ‘आले’ म्हणजे कोणत्या नियमाने आले असे विचारीत राहण्याचा त्यांचा हट्ट मला अत्यंत वंदनीय वाटतो. शहापूरच्या वाटेच्या त्या टोकाला, नाशिक येथे, डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

हट्टाचे कारण पुढील घटनांनी अधिक स्पष्ट झाले. १९८२ साली अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी आणि १९८३ साली हार्टल व हॉकिंग यांनी, पुंजवादाच्या नियमांनी विश्व ‘शून्यातून’ कसे संभवते, याची गणिते प्रसिद्ध केली. ती विलक्षण बुद्धिमत्तेची आहेत. परंतु त्यांतले शून्य म्हणजे अवकाश नाही, काल नाही, द्रव्य नाही, अशी अवस्था असली, तरी पुंजवादाचे नियम त्या अवस्थेतही जारी असतात. फर्मान आहे, फक्त ज्याच्यावर बजावावयाचे तो मुलूख अद्याप वसलेला नाही! आणि साध्या अवकाशातली निर्वात पोकळी घेतली तर ती त्याहूनही भरलेली. तिच्यात क्षेत्रांची आंदोलने अव्याहत चालू असतात, तिच्या ऊर्जेचा सरधोपट हिशेब केला तर निरीक्षणापेक्षा सुमारे १०चा १२० वा घात इतक्या पटींनी अधिक येतो. २०२१ साली दिवंगत झालेले आयुकाचे थोर शास्त्रज्ञ ताणू पद्मनाभन यांनी पोकळी इतकी हलकी का, या कोड्याशी वर्षानुवर्षे झुंज दिली. विज्ञान ज्याला शून्य म्हणते ते नेहमीच अमुक एका गोष्टीचे, अमुक एका ठिकाणी नसणे असते. मागे नियम राहतो, क्षेत्र राहते, मोजणारे उपकरण राहते. ज्ञानेश्वरांचा मालवणारा दिव्याबरोबर मालवत नाही. म्हणून निखळ शून्याचा उलगडा विज्ञान करील असे मला वाटत नाही; आणि ही विज्ञानाची उणीव नसून त्या शून्याचेच लक्षण आहे, अशी माझी धारणा आहे.

एकत्वाच्या बाबतीत स्थिती निराळी आहे, याची आणखी एक साक्ष. विद्युत्चुंबकीय आणि क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपे असल्याचे १९८३ साली प्रयोगाने सिद्ध झाले. प्रबळ बलही त्यात मिळवू पाहणाऱ्या सिद्धान्तांचे भाकीत असे, की प्रोटॉनही अखेर नश्वर आहे. ते पडताळण्यासाठी टाटा संस्थेने जपानच्या ओसाका शहर विद्यापीठासह १९८० पासून कोलारच्या सोन्याच्या खाणीत, भूपृष्ठाखाली सुमारे २,३०० मीटर खोल, १४० टनांचा यंत्रसंभार लावला. आशा वाटावी अशा काही खुणा दिसल्या, जगभर गाजावाजा झाला, पण जपानातील मोठ्या टाक्यांतून तसे काही आढळले नाही. आज प्रोटॉनचे आयुष्य १०चा ३४ वा घात वर्षांहून अधिक असले पाहिजे, अशी मर्यादा तेवढी सांगता येते. एकत्व सापडले नाही. पण ते कोठे नाही, हे आकड्यांत लिहिले गेले.

अशाच एका मर्यादेपाशी आपली नाणेघाटाची वाट येऊन ठेपते. घाट चढून जुन्नर गाठावे आणि नारायणगावच्या अंगाने खोडदला जावे. तेथे गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने टाटा संस्थेने उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन बाहूंवर. तारे पेटण्यापूर्वीच्या युगात विश्व उदासीन हायड्रोजनने भरलेले होते. त्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर लांबीचा तरंग विश्वाच्या विस्ताराने ताणला जाऊन आज मीटरभराहून लांब झालेला असावा, आणि तो टिपता यावा, हा या दुर्बिणीमागील मूळ हेतूंपैकी एक. २०२० साली तिच्या निरीक्षणांतून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे माप घेतले गेले, हे मोठेच यश. परंतु तारे पेटताना आसमंतातला हायड्रोजन विरत गेला त्या युगाची खूण अद्याप लाभलेली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात एवढेच म्हणता आले, की त्या संकेताचा चढउतार सुमारे पाव केल्विनपेक्षा अधिक नाही. आधीची २०११ सालची मर्यादा तपासून, तीतला हिशेब दुरुस्त करून, हा आकडा काढला होता. दुर्बिणीत येणारा कलकलाट वजा करताना खरा संकेतही किती वजा होतो, याची चोख मोजदाद त्यात केली होती.

हा शोध आता ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, वाजारी लोकांच्या भूमीवर उभ्या राहत असलेल्या १,३१,०७२ शृंगिकांच्या दुर्बिणीकडे जाणार आहे. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताने सुमारे १,२५० कोटी रुपयांचा वाटा उचलण्याचे ठरविले आहे, आणि दुर्बिणीचे नियंत्रण करणाऱ्या प्रणालीची आखणी करण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राने, म्हणजे खोडदच्या त्या तीस तबकड्या सांभाळणाऱ्या मंडळींनीच, पुढाकार घेतलेला आहे. आरंभीच्या त्या हायड्रोजनचा संकेत तेथे मिळाला, तर पहिले तारे केव्हा पेटले हे सांगता येईल. न मिळाल्यास त्या संकेतावरची मर्यादा आणखी खाली येईल.